गारा कोणी पाडल्या?

डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते. तिथल्या ओढ्याकाठी, करवंदीच्या जाळीत, एक ससा आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. जाळीला लागूनच एका साळूचे बीळ होते. मुलांनो, साळूच्या अंगभर लांब, टोकदार काटे असतात, त्यामुळे तिच्या जवळ फारसे कोणी जात नाही. ही साळू तर बोलायलाही तुटक होती. पण ससा तिला ‘साळूताई’ म्हणे, आणि ती त्याला ओ देत असे.

त्या वर्षी ऋतूंचे काही खरे नव्हते. ऐन थंडीत गरम वारे सुटले. आंब्याला मोहर आला आणि आठ दिवसांत करपून गळून गेला. माघातल्या एका सकाळी साळू सशाच्या जाळीपाशी आली आणि म्हणाली, “मुंग्या अंडी तोंडात धरून वर चालल्यात. काहीतरी येतंय. तुझी पोरं माझ्या बिळात आण.”

“काय येतंय, साळूताई?”

“ते मुंग्यांना विचार. मला एवढंच कळतं.”

सशाने पिल्लांना तिच्या बिळात नेले. साळूने माती आणि पाला लोटून बिळाची दोन्ही तोंडे आतून बुजवली. दुपारी आभाळ काळेनिळे झाले आणि आवळ्याएवढ्या गारा कोसळू लागल्या. त्या थांबल्या तेव्हा झाडांना पान उरले नव्हते. पाखरांची घरटी खाली पडली होती. ओढ्याकाठी चितळांची दोन पाडसे मरून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे प्राणी उंबराखाली जमले. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता : हे झाले कशामुळे?

म्हातारा वानर म्हणाला, “माझ्या उभ्या जन्मात एवढ्या गारा मी पाहिल्या नाहीत. ढग वाट चुकले असावेत.”

घार उंच उडणारी. ती म्हणाली, “डोंगरापलीकडे पूर्वी झाडी होती. आता नुसता उघडा माळ आहे. समुद्राकडचा वाराही भलत्या वेळी येतो. याचा त्याच्याशी संबंध असेल. पण मला नक्की सांगता येत नाही.”

तेवढ्यात कोल्हा पुढे आला. “पलीकडचा डोंगर! समुद्र!” तो म्हणाला. “कारण इतकं लांब असेल, तर आपण करायचं काय? आणि घारच म्हणते, नक्की नाही. मी मात्र नक्की सांगतो. कारण इथंच आहे, आपल्यात आहे. कोणीतरी या जंगलाला बाधा आणली आहे.”

हे ऐकून सगळ्यांना भीती वाटली, पण थोडे बरेही वाटले. समुद्राला जाब विचारता येत नाही, शेजाऱ्याला विचारता येतो.

“जमिनीच्या पोटात कोण उकरत असतं?” कोल्ह्याने विचारले. “सगळे झोपले की बाहेर कोण पडतं? कोणाशी बोलत नाही, कोणात बसत नाही, ती कोण?”

सगळ्यांच्या माना साळूकडे वळल्या. कोल्हा सशाकडे गेला. “तू तिचा शेजारी. खरं सांग. गारा पडायच्या आधी ही काय करत होती?”

ससा चाचरत म्हणाला, “बिळाचं... तोंड बुजवत होती.”

“आधी! ऐकलंत? गारा पडायच्या आधी!” कोल्हा ओरडला. “पडणार हे हिला कसं कळलं? आणि काय रे, चितळाची पाडसं मेली, मग तुझी एवढीशी पोरं कशी वाचली?”

आता सगळे सशाकडे बघू लागले. मुंग्यांची गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती. साळूही त्याच्याकडे बघत होती. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होते. पण ते बोलले की तोही तिच्या बाजूचा ठरणार होता. सशाचे कान खाली पडले. तो म्हणाला, “आम्ही जाळीतच होतो. कशी वाचली, मला माहीत नाही.”

साळूने त्याच्यावरची नजर काढून घेतली. स्वतःसाठी ती काहीच बोलली नाही. जंगलाने तिला त्याच दिवशी हाकलले. ओढा ओलांडून, चढण चढून ती वरच्या उजाड पठारावर निघून गेली.

त्यानंतर पंधरा दिवस लख्ख ऊन पडले. “पाहिलंत?” कोल्हा ज्याला त्याला विचारू लागला. गारा पडून गेल्या की आभाळ मोकळे होतेच, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. काही दिवसांनी कोल्हा साळूच्या बिळात राहायला आला. “बीळ रिकामं ठेवणं बरं नाही,” तो म्हणाला. “बाधा परत यायची. मी आपला राखण करतो.” ते बीळ कोरडे, ऐसपैस आणि दोन तोंडांचे होते. सशाने ते पाहिले आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण तो गप्प राहिला.

जंगल मात्र पूर्वीसारखे राहिले नाही. जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवू लागला. मोर नाचला की प्राणी म्हणत, “हा कोणाला बोलावतोय?” खार झाडावर चढताना आभाळाकडे बघायला घाबरू लागली. कोणाला शिंक आली तरी बाकीचे चार पावले मागे सरत.

चैत्रात पुन्हा ढग आले. चार दिवस ऊन म्हणून दिसेना. कोल्ह्याने सगळ्यांना बोलावले आणि म्हणाला, “साळू गेली, पण तिचं कोणीतरी अजून इथं आहे.” त्याने नाव घेतले नाही. नुसते सशाच्या जाळीकडे बघितले.

त्या दिवशी ससा घरी आला, तर जाळीशेजारच्या अर्जुन वृक्षाच्या खोडावर मुंग्यांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरे अंडे होते. रांग पहिल्या फांदीवर थांबली नाही, दुसऱ्या फांदीवरही थांबली नाही, ती थेट शेंड्याकडे चालली होती. सशाच्या अंगावर काटा आला. त्याने पिल्लांना पुढे घातले आणि पठाराची चढण धरली.

साळूने पठारावरच्या कातळाआड नवे बीळ केले होते. सशाला पाहून ती म्हणाली, “पोरांना आत जाऊ दे. तू कशाला थांबलास?”

“मुंग्या शेंड्यावर चालल्यात, साळूताई.”

“खाली सांगितलंस?”

“सांगितलं तर म्हणतील, तुला कसं कळलं? मलाही हाकलतील.”

“हाकलतील,” साळू म्हणाली. “मलाही हाकललं. मी मेले नाही. पण खाली राहिलेले मरतील.”

सशाने पिल्लांना बिळात लोटले. मग तो वळला आणि आल्या वाटेने धावत सुटला.

उंबराखाली सगळे होतेच. सशाला धाप लागली होती. तो म्हणाला, “ओढ्याला मोठं पाणी येणार आहे. वर चला. मुंग्यांची अंडी शेंड्यावर चालली आहेत. गारांच्या आधीही त्या अशाच चालल्या होत्या. साळूताईने ते पाहिलं आणि माझी पोरं आपल्या बिळात घेतली, म्हणून ती वाचली. मला हे माहीत होतं. मी तुमच्यासमोर खोटं बोललो.”

मग कोल्हा मोठ्याने हसला. “घ्या! चोराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. दोघांनी मिळून गारा पाडल्या, आता पूर आणणार आहेत. याच्यामागे जो जाईल, तो त्यांचाच साथीदार समजा!”

म्हातारा वानर डोके खाजवत म्हणाला, “पण कोल्होबा, साळू जर बाधा होती, तर ती गेल्यावर हे ढग का आले?”

“विचारणाराही संशयित असतो, आजोबा,” कोल्हा थंडपणे म्हणाला.

वानराने एकवार त्याच्याकडे पाहिले आणि पठाराच्या दिशेने उडी घेतली. त्याच्यामागे पाडसे गमावलेली चितळे गेली. मग मुंगूस गेले, खारी गेल्या. रानडुकरीण आपल्या तीन पिल्लांना घेऊन उठली, दोन पावले चालली आणि थबकली. सशाने तिला हाक मारली, “चल ना, बाई!”

“खोटं वाटत नाही रे तुझं,” ती हळूच म्हणाली. “पण मी आले, आणि पूर आला नाही, तर उद्या माझं नाव निघेल.” ती मागे फिरली.

पूर दुपारी आला. डोंगरावर कुठेतरी ढग फुटला असावा. आधी नुसता घुमल्यासारखा आवाज आला, मग तांबडे पाणी दगडधोंडे आणि मोडकी झाडे घेऊन ओढ्यातून उसळले. काठची जाळी दिसेनाशी झाली, उंबर मुळासकट उलथला. बिळाच्या दोन्ही तोंडांतून पाणी शिरले तेव्हा कोल्हा आत होता. कसाबसा बाहेर पडून तो एका ओंडक्याला धरून वाहत राहिला.

पाणी ओसरल्यावर वरचे प्राणी खाली आले. सगळीकडे गुडघाभर चिखल होता. रानडुकरीण एका खडकापाशी उभी होती. एकटीच.

तेवढ्यात कोल्हाही लंगडत आला. अंगावरचा चिखल झटकत तो म्हणाला, “सगळे जमा. हे कोणामुळे झालं, ते आता शोधलंच पाहिजे!”

रानडुकरिणीने मान वर केली. “आधी माझी पिल्लं शोध,” ती म्हणाली.

कोल्ह्याकडे कोणीच बघत नव्हते. सगळे चिखलात उतरले होते. वानर फांद्या उचलत होता, चितळे खुरांनी चिखल उपसत होती. दिवस कलताना खडकाच्या कपारीत एक पिल्लू जिवंत सापडले. उरलेली दोन सापडली, पण ती जिवंत नव्हती. तोवर कोल्हा कोणाला न सांगता डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघून गेला होता.

साळूही मघापासून उकरत होती. ससा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“साळूताई,” तो म्हणाला, “मला माफ केलंस का?”

“अजून नाही,” साळू म्हणाली. “त्या बाजूचा चिखल ओढ. तिथं कोणी अडकलेलं असेल.”

ससा वाकला आणि चिखल ओढू लागला.

तात्पर्य : संकटाचे कारण जरूर शोधावे, पण कारणाच्या नावाखाली बळी शोधू नये. जिथे संशयाच्या भीतीने जाणता गप्प बसतो, तिथे एका संकटाची दोन होतात.