पाच श्वासांचा नेम

डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होते, आणि त्या जंगलातल्या जुन्या जांभळाच्या ढोलीत एक खार राहत असे. मागच्या पावसाळ्यात तिचे पहिले पिल्लू ढोलीच्या तोंडातून घसरले, तेव्हा ती जांभळाला म्हणाली होती, "बाबा, माझं लेकरू धर. रोज सकाळी बाहेर पडताना तुझ्या अंगावर हात ठेवून पाच श्वास घेईन, मगच पोटाच्या मागे लागेन." पिल्लाची नखे सालीच्या खाचेत अडकली आणि ते वाचले. नवस बोलणारे पुष्कळ असतात, मुलांनो, फेडणारे थोडे. खारीने तो फेडला, आणि एकदा नव्हे, रोज.

नेम एवढासाच, पण सोपा नव्हे बरं का. पहिल्या श्वासाला तिचे मन बोरांकडे धावे, दुसऱ्याला पोपटांकडे. सुटलेले वासरू दाव्याला आणावे तसे ती त्याला वळवून आणी. पाचव्या श्वासापर्यंत ते जागेवर बसे, आणि मग तळव्याखाली जांभूळ कळू लागे. दवाने गार पडलेली साल, आणि शेंड्यावरून बुंध्यात उतरून पुन्हा वर जाणारा वाऱ्याचा बारीक हेलकावा.

त्या झाडावर आणखी चार खारींची बिऱ्हाडे होती. ससाण्याच्या भीतीने सगळ्या पिल्ले ढोलीत ठेवून एकदम निघत आणि पोपट उठायच्या आत ओढ्याकाठची बोर गाठत. त्यामुळे रोज हिच्यासाठी थांबावे लागे.

"अगं, पोपट काय तुझ्या पूजेसाठी थांबणार आहेत?" थोरली खार एकदा चिडून म्हणाली.

"पाचच तर श्वास आहेत, आक्का."

"तेवढ्यात ते पन्नास बोरं खातात."

वरच्या फांदीवरून माकडाने तोंड घातले, "तिला हटकू नका हो. तिनं हात काढला तर झाड पडेल."

सगळ्या हसल्या. खारही हसली, पण हात तिथेच राहिला.

थोरलीला खारीचे ते हसू झोंबले. "उद्यापासून नेम सोड, नाहीतर ढोली सोड," ती म्हणाली.

खारीने ढोलीकडे पाहिले. थंडीचे दिवस, घरात डोळेही न उघडलेली दोन पिल्ले. जायचे तरी कुठे? पण ती शांतपणे म्हणाली, "आक्का, ढोली तुम्ही दिली असती तर सोडली असती. ती झाडानं दिली आहे, आणि शब्दही मी झाडालाच दिला आहे. तो मोडायची नाही. तुम्हाला काय करायचं ते करा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळ्या बुंध्यावर वाट पाहत बसल्या होत्या. खार बाहेर आली. सगळ्यांच्या देखत तिने सालीवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. चौथ्या श्वासाला ती थबकली. उतू जाण्याआधी पातेल्यातले दूध थरथरते ना, तसे काहीतरी बुंध्यात खोलवर थरथरत होते. आणि वाऱ्याचा हेलकावा खाली गेला तो परत वर आलाच नाही.

"आक्का, झाड आतून सुटलंय. पिल्लं बाहेर काढा."

"ऐकलंत?" थोरली बाकीच्यांकडे वळली. "हिला ढोली सोडायला सांगितली, तर लगेच झाडच पडायला लागलं."

"मी तर निघालेच आहे. तुमची पिल्लं तेवढी काढा."

"माझ्या पिल्लांना हात लावलास तर याद राख." एवढे बोलून थोरली खाली उतरली आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या.

खारीने आपली दोन्ही पिल्ले एकेक करून तोंडात धरून शेजारच्या बेहड्याच्या ढोलीत नेऊन ठेवली. मग ती परत आली. थोरलीच्या दाराशी क्षणभर थांबली. "शिव्या खाईन," असे पुटपुटली आणि आत शिरली.

वर ससाणा घिरट्या घालत होता. जबडा दुखून आला, तरी तिच्या खेपा चालू राहिल्या. प्रत्येक खेपेला ती आधी सालीवर हात ठेवी, आणि प्रत्येक खेपेला थरथर वाढलेली असे. शेवटचे पिल्लू उरले तेव्हा पाच श्वासांना वेळ नव्हता. तिने एकच घेतला, पण पुरता घेतला, आणि पिल्लू उचलून उडी मारली.

दुपारी वारा सुटला. जांभूळ आधी कण्हले, मग हळूहळू आडवे झाले. वरून हिरवेगार दिसणारे ते झाड वाळवीने बुंध्यात पार पोखरून टाकले होते.

आवाज ऐकून आया धावत आल्या. थोरली मोडक्या फांद्यांत नखांनी उकरू लागली. तेवढ्यात बेहड्यावरून चिवचिवाट ऐकू आला. तिथे पाचही घरांची नऊच्या नऊ पिल्ले एकमेकांना बिलगून बसली होती. थोरलीने आपली तीन हुंगून पाहिली, पुन्हा हुंगून पाहिली. माकडही मान खाली घालून बेहड्यावर येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे खारीने बेहड्यावर हात ठेवला. शेजारी आणखी दोन हात आले.

"किती म्हणालीस?" थोरलीने विचारले.

"पाच."

"माझं मन दुसऱ्यालाच बोरीखाली पळालं गं."

"पळू द्या की, आक्का. वळवून आणा."

ओढ्याकाठी पोपटांचा कलकलाट सुरू झाला होता. एकही खार जागची हलली नाही.

तात्पर्य : रोजचा लहानसा नेम मनापासून पाळणाऱ्याला इतरांना न दिसणारेही दिसते, म्हणून कोणी हसले वा दटावले तरी तो सोडू नये. मुलांनो, उद्या सकाळी अंथरुणातून उठलात की लगेच धावू नका. जमिनीवर हात ठेवा, पाच श्वास घ्या, आणि मगच पाऊल टाका.