बिरूअण्णाची पाठ

ऐका मंडळी, आणि मधे खोकू नका. फार वर्षांपूर्वी चिंचतळं गावात बिरू नावाचा पैलवान होता. गावाच्या डोक्यावर तळं, तळ्याला मातीचा बांध आणि बांधाखाली आखाडा. दर नागपंचमीला तिथे कुस्त्यांचं मैदान भरायचं आणि शेवटची, मानाची कुस्ती दरसाल बिरूच मारायचा. त्याच्या पाठीला माती कधी लागलीच नव्हती, असं म्हणतात. गडी झोपायचादेखील पालथा!

"ज्या दिशी पाठीला माती लागंल, त्या दिशी लंगोट खुंटीला टांगीन," अशी त्याने वस्तादांच्या पायाची शपथ घेतली होती. कुस्ती सुटली तर बिरूकडे दुसरं काहीच नव्हतं.

एका वर्षी पावसाने कहर केला. तळं काठोकाठ भरलं. त्याच वर्षी नदीपलीकडून सातगोंडा आला, दारात मावणार नाही असा गडी. हलगी कडाडली, माणसं झाडांवर चढून बसली. बिरूने पट काढला, सातगोंडाने तो मोडला. सातगोंडाने ढाक डाव मारला, बिरू मांजरासारखा पोटावर पडला. काय कुस्ती ती! बघणाऱ्यांच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. शेवटी बिरूने त्याला खाली घेतलं. आता सातगोंडा चीत होणार, तोच वरून आरोळी आली, "बांध फुटला!"

बांधाला बैलाचं डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं आणि खाली सगळं गाव लेकराबाळांसकट जमलेलं. माणसं कुदळी आणायला धावली आणि थबकली. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नागाला लागतं.

"आज माती उकरू नगा रं!" म्हातारे पंच दौलूआबा ओरडले.

बिरूने सातगोंडाला सोडलं. हातातली कुस्ती सोडली! "आखाड्याची माती कालच उकरलीया, ती भरा पोत्यात!" असं ओरडत तो बांधाकडे पळाला. पण पोती भरेपर्यंत पाणी थोडंच थांबणार? बिरू छातीने अडवायला गेला, तर पाण्याने त्याला फेकून दिलं. मग तो वळला, पाय रोवले आणि भोकाला पाठ लावली. सातगोंडा मागोमाग आलाच. त्याने बिरूच्या छातीला खांदा भिडवला आणि समोरून रेटा दिला. हलगीवाल्याने पुन्हा हलगी धरली. कुस्ती अजून चालू आहे, म्हणाला!

गावाने आखाड्यातली हळद-ताक घालून मळलेली माती पोत्यांतून, ओच्यांतून आणून बांधाच्या आतल्या बाजूने सोडली. पाणी पिवळं झालं आणि थांबलं. एवढ्याशा मातीने तळं कसं अडलं, ते मला विचारू नका. अडलं, असं म्हणतात.

बिरू बाजूला झाला. मानेपासून कमरेपर्यंत पाठ मातीने माखली होती.

"आबा, माती लागली," तो दौलूआबांना म्हणाला. "कुस्ती सातगोंडाची."

सातगोंडा भडकला. "ही काय हार हाय व्हय? मी न्हाई बांधून घेणार जिंकल्याचा फेटा!"

"शपथ ती शपथ," बिरू म्हणाला आणि ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याने तालमीच्या खुंटीला लंगोट टांगला. तो परत कधी खाली काढला नाही.

पुढच्या नागपंचमीला मानाची कुस्ती सातगोंडाने जिंकली. लोक फेटा घेऊन धावले, तर गडी बांधाकडे पळत सुटला! त्याच जागी त्याने पाठ घासली आणि म्हणाला, "बिरूअण्णाला लागली ती मलाबी लागू द्या. मग बांधा फेटा."

त्या जागी अजून पिवळसर गवत उगवतं, असं म्हणतात. आणि चिंचतळ्याच्या मैदानात जिंकणारा आजही आधी बांधाकडे पळतो. हरलेला पैलवान मागून येऊन त्याच्या पाठीवर आपल्या हाताने माती चोळतो, हलगी कडाडत असते. मग पंच मागून पाठ बघतात. ती माखलेली असेल, तरच फेटा बांधतात.