गप्प राहिलेला शहामृग

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. माणसाची पायवाट तेव्हा त्या माळापर्यंत पोचलीही नव्हती.

माळावर हरणांचा एक कळप आणि एक शहामृग एकत्र चरत असत. शहामृगाला उडता येत नसे; देह जड, पंख तोकडे. पण त्याची मान भाल्याएवढी उंच होती आणि डोळे लिंबाएवढे मोठे. कोसभरावर हललेलं गवतही त्याला दिसे. धावू लागला की एका ढांगेत ओढा ओलांडी. पायाला बोटं दोनच, पण त्याच्या एका लाथेने तरस लोळे.

हरणांना वास लवकर येई, शहामृगाला लांबचं दिसे. त्यामुळे सगळे निर्धास्त असत.

एका दुपारी वारा पडला होता. हरणांच्या नाकाला काहीच कळेना. शहामृगाने मान वर केली, आणि वाळक्या गवतात त्याला दोन पिवळे डोळे दिसले. सिंहीण जमिनीला पोट घासत पुढे सरकत होती.

शहामृगाच्या मनात आलं, ‘ओरडलो, तर ती आधी माझ्यावरच येईल!’ तो पाय दुमडून खाली बसला आणि लांब मान मातीवर टाकून निपचित पडून राहिला. दुरून कुणालाही तो मातीचा ढिगाराच वाटला असता.

जवळ चरणाऱ्या हरिणीने विचारलं, “दादा, का बसलात? काही दिसलं का?”

“छे, पाय दुखतायत जरा,” तो पुटपुटला.

हरिणी पुन्हा चरू लागली. शेजारी तिचं पाडस होतं.

गवत एकदाच सळसळलं. पाडसाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

कळप उधळला. बऱ्याच वेळाने हरिणी एकटीच परत आली.

“दादा, खरं सांगा. तुम्हाला दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं. पण मला भीती वाटली गं.”

“भीती आम्हालाही वाटते,” हरिणी म्हणाली. “म्हणून तर तुमच्याजवळ राहत होतो.”

त्या संध्याकाळीच कळप माळ सोडून गेला.

शहामृग एकटा उरला. पाणवठ्यावर मान खाली घातली की त्याला भोवतालचं दिसेना, आणि वासावरून धोका सांगणारं जवळ कुणी नव्हतं. एक घोट घेई, दचके, आणि पंख पसरून वेडावाकडा पळत सुटे. मागे कुणीच नसे. असाच पळता पळता, भर उन्हाळ्यात, पाण्यापासून दहा पावलांवर तो तहानेने कोसळला.

तात्पर्य: भिणं हा दोष नाही, पण भीतीपोटी जो सोबत्यांना सावध करत नाही, तो त्यांच्याबरोबर स्वतःचाही घात करतो.