गिरजाईचा उघडा खांब

आमच्या गिरजाई देवीच्या मंडपाला बारा खांब. त्यातले अकरा तुम्ही आज झेंडू-शेवंतीनं मढवणार आहात. सोहळ्याला पाहुणे म्हणून न येता हौसेनं सुई घेऊन बसलात, आमच्याच मळ्यातली फुलं ओवायला लागलात, याचं मला फार बरं वाटलं. पण डावीकडचा तो अकरावा खांब तेवढा उघडा राहू द्या. दरवर्षी कोणीतरी शहाणा म्हणतोच, "आजोबा, एवढा एकच का भुंडा ठेवता?" म्हणून आधीच सांगून टाकतो.

संस्थानाच्या काळची गोष्ट. नवे महाराज गादीवर बसले आणि त्यांचा पहिला दरबार इथं, आमच्या कुसरवाडीत, या मंडपात भरायचा ठरला. सजावट गावानं अंगावर घेतली. एकेका आळीला एकेक खांब, आणि फुलं गावच्याच मातीतली, अशी अट लोकांनी आपणहून घातली. माळआळीच्या वाट्याला अकरावा खांब आला. त्या आळीची पुढारीण ठकूबाई. तिच्यासारखी वेणी पंचक्रोशीत कोणाला जमत नसे, असं सांगतात. आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं.

दरबाराच्या आदल्या दिवशी पावसानं माळआळीचा झेंडू झोपवला. खांब निम्माच भरला. गावात एकच झाड फुलांनी लवलेलं उरलं होतं, ओढ्याकाठची तगर. ती स्मशानाच्या वाटेवर आहे. गावात कोणी गेलं की पहिला हार तिचा. एरवी तिचं फूल कोणी खुडत नसे.

ठकूबाई टोपली घेऊन निघाली तेव्हा तिची जाऊ कोंडूबाई आडवी आली. "आक्का, ती मढ्याची तगर हाय. हात लावू नगा."

"फुलाला काय ठावं कुणाच्या गळ्यात जायचं ते? खांब उघडा ऱ्हायला तर साऱ्या मुलखात आपल्या आळीचं नाक जाईल," ठकूबाई म्हणाली, आणि तिनं झाड ओरबाडून रिकामं केलं.

दरबार थाटात झाला. महाराज म्हणे त्या पांढऱ्या खांबापाशी थांबले आणि हे काम कुणाचं म्हणून विचारलं. ठकूबाईला आभाळ ठेंगणं झालं.

तगरीचं फूल किती नाजूक ते तुम्ही जाणता. सकाळी खुडलेलं दुपारी मान टाकतं. त्या दिवशी संध्याकाळी झेंडू सुकला, शेवंती मलूल झाली, आणि तगर तशीच. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी मंडपाकडे कोणी फिरकेना. ही फुलं कुणाची तरी वाट बघतायत, एवढं बोलायची गरजही उरली नव्हती. ज्यांच्या घरात आजारी माणूस होतं त्यांनी दारं लावून घेतली.

ठकूबाईची लेक राही पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कळा थांबल्या. सुईणीनं हात टेकले. ठकूबाई उठली, मंडपात गेली आणि तगरीचा हार तिनं खांबावरून उतरवला. मागोमाग धावलेल्या कोंडूबाईला म्हणाली, "फुलं माझ्या हातानं तोडलीत. वाट माझीच बघू देत. तू राहीपाशी जा."

हार तिनं स्वतःच्या गळ्यात घातला आणि त्या तगरीखाली जाऊन बसली.

दिवस कलताना घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. सांगायला कोंडूबाई पळत ओढ्यावर गेली. हारातली फुलं काळी पडली होती, आणि ठकूबाईचं अंग गार झालं होतं. ते बाळ म्हणजे माझी पणजी. ठकूबाई गर्विष्ठ होती असं गाव म्हणतं, म्हणू दे. माझे हात तिचं नाव काढलं की आपोआप जोडले जातात.

आजही अकरावा खांब उघडा असतो. आजही सोहळ्याच्या सकाळी आमच्या घरचा माणूस तगरीखाली आपसूक पडलेली फुलं बघून येतो. दुपारपर्यंत ती सुकली की मगच पहिलं तोरण चढतं.

आता एक वाजून गेला. मी दोनदा जाऊन आलो. फुलं अजून सकाळसारखीच टवटवीत आहेत. तेव्हा सुया जरा खाली ठेवा, आणि घरी फोन करून सगळ्यांची खुशाली विचारा.