चिंचोक्यांचा चौकोन

मुलांनो, करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका जंगलात एक साळिंदरबाई राहत असे. धाकट्या वर्गातून वर आलेल्या पिल्लांना ती गणित शिकवी. बाई भारी कडक. तिने नुसते काटे फुलवले, तरी वर्ग चिडीचूप होई. धाकट्या वर्गात पिल्ले चिंचोके मांडून बेरजा करीत. बाईच्या वर्गात मात्र चिंचोक्यांना सक्त मनाई होती. "आता तुम्ही मोठे झालात. नियम पाठ करा आणि उत्तर द्या," असे ती बजावी.

एके दिवशी तिने नियम सांगितला, "एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्या एकापासून ओळीने मिळवायच्या असतील, तर त्या किती आहेत ते बघा आणि त्या आकड्याला त्यानेच गुणा. चार आहेत? चार चोक सोळा!" माकडाच्या आणि सशाच्या पिल्लांनी घडाघडा उत्तरे दिली. खारीची पोर तेवढी अडून बसली. "पण बाई, असं का होतं?"

"नियम आहे म्हणून!" बाई कडाडली. का होते, हे खरे तर तिलाही ठाऊक नव्हते. पण कबूल कोण करणार? "उद्या नीट उत्तर दिलं नाहीस, तर परत धाकट्या वर्गात बसवीन." पोरीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी बाई येते तो काय, पोर वडाखाली गालातून चिंचोके काढून मांडते आहे! बाईचे काटे ताडकन उभे राहिले. ती ओरडणार, तोच तिची नजर जमिनीवर गेली. पोरीने एका चिंचोक्याला उजवीकडून आणि खालून तीन चिंचोक्यांची किनार लावली होती, आणि दोन-दोनांचा चौकोन झाला होता. त्याला पाचांची किनार लावली, तर तीन-तीनांचा झाला.

"आता सात ठेव," बाई हळूच म्हणाली. सात ठेवले. चार-चारांचा चौकोन!

"बाई, किनारीच्या दोन्ही टोकांना एकेक चिंचोका वाढतो, म्हणून ती दरवेळी दोननेच मोठी होते," पोर म्हणाली. "मग कितीही मांडलं, तरी चौकोनच होणार? कायमचा?"

बाईच्या अंगावर काटे जन्मापासूनच होते. शहारा मात्र आज पहिल्यांदा आला. चिंचोके संपले, तेव्हा तिने स्वतःचे गळलेले काटे आणून पुढची किनार लावली, मग त्याच्या पुढची. चौकोन काही मोडेना. केवढे अफाट होते हे! आणि इतकी वर्षे ते तिच्याच नियमात दडून बसले होते.

एवढ्यात बाकीची पिल्ले आली आणि थबकली. आपली कडक बाई धुळीत ओणवी!

"पोरी," बाई म्हणाली, "हा नियम मी कित्येक पिल्लांकडून घोकून घेतला, पण तो खरा का आहे ते मला आज दिसलं. आज तू शिकव." आणि ती पिल्लांच्या रांगेत जाऊन बसली.

तात्पर्य : नियम पाठ केला की उत्तर येते, पण "असं का?" हे विचारू दिले, तर शिकणाऱ्याबरोबर शिकवणाऱ्यालाही नवे दिसते.