बारवेची मोकळी पायरी

"त्या बारवेत म्हणे सून पुरलीय. तळाच्या पायरीखाली. म्हणून तर लग्न ठरलेल्या पोरीला हळदीआधी तिथं नेतात आणि..."

एवढंच ऐकू आलं. मग कांडप सुरू झालं आणि पुढचं सगळं हळदीच्या धुरळ्यात गेलं. बोलणारी होती आमच्या आळीतलीच एक, आणि ऐकणारी होती शेजारच्या ऋतुजाची होणारी सासू, शेवंताबाई. वऱ्हाड आदल्या दिवशीच उतरलेलं, म्हणून त्या हौसेनं आमच्याबरोबर हळद कुटायला आल्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. हौस उतरली.

हळद घेऊन परतताना वाटेत त्या ऋतुजाच्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या गावची काय रीत असेल ती असो. माझी सून त्या बारवेत उतरायची नाही. उतरली तर हळद लागणार नाही, आत्ताच सांगते."

ऋतुजाच्या आईचं तोंड एवढंसं झालं. ती गरीब स्वभावाची. मी मध्ये पडले. तसं मला कुणी विचारलं नव्हतं, पण बारव माझ्या परसाच्या मागंच आहे. शेवंताबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "अर्धंच ऐकलंत. चला, जागेवर बसून उरलेलं ऐका. मग काय ते ठरवा."

आमची टेंभळवाडीची बारव काळ्या दगडाची, चौकोनी. पायऱ्या रुंद आहेत, दोन बायका घागरी घेऊन शेजारून जातील अशा. तळाच्या पायरीवर मात्र कुणी पाय देत नाही, कुणी घागर टेकवत नाही. वरच्या पायरीवरूनच वाकून पाणी घ्यायचं. शेवंताबाई काठावरच बसल्या. मी सांगायला लागले, आमच्या सासूबाई सांगायच्या तसंच.

फार पूर्वी इथं रंभाजी पाटील नावाचा मोठा माणूस होता म्हणे. गावाला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं ही बारव खोदली. पायऱ्या बांधून झाल्या, कमान झाली, देवळी झाली. पाणी काही लागेना. तळाला नुसता कोरडा खडक. मग कुठून तरी एक भगत आला. तो म्हणाला, घरची थोरली सून खाली उतरव आणि तिच्यावर शेवटची पायरी बसव, पाणी येईल.

थोरल्या सुनेचं नाव भिवरा. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. पाटलानं होकार दिला. नवऱ्यानं मान खाली घातली, तो होकारच धरला गेला. गुरं मरत होती, माणसं गाव सोडून चालली होती, तेव्हा गावही काही बोललं नाही. असं सांगतात.

ठरल्या दिवशी भिवराला नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. सगळं गाव काठावर जमलं, पायरीचा दगड दोरांनी धरून गडी उभे राहिले. ती तळाला पोचली. भगत वरून म्हणाला, "आता नवऱ्याचं नाव घे, म्हणजे दगड सोडतो." लग्न असो, बारसं असो, नाव घेतल्याशिवाय बाईचं कुठलंच कार्य पुरं होत नसे. हेही तसंच.

भिवरानं वर पाहिलं. म्हणाली, "त्यांचं नाव घेऊन काय करू? ते तर वर उभे आहेत. मला जिच्या जिच्यासारखं व्हायचं होतं, तिचं तिचं नाव घेते."

आणि तिनं पहिलं नाव घेतलं तान्हूबाईचं. ही गावची सुईण. अडलेल्या बाळंतिणीसाठी भर पुरात ओढा ओलांडून जायची. तेव्हाची रीत अशी की बाईनं बाईला हाक मारली की गेलंच पाहिजे, हातातलं काम टाकून. तान्हूबाई गर्दीतून निघाली, खाली उतरली आणि भिवराशेजारी उभी राहिली.

"ए म्हातारे, वर ये!" पाटील ओरडला.

"तुम्हाला मीच जगात आणलंय, पाटील," तान्हूबाई म्हणाली. "आवाज खाली."

दुसरं नाव साळू कुंभारणीचं. नवरा गेल्यावर हिनं चाक स्वतः फिरवायला घेतलं होतं, आणि कुणी नावं ठेवली तर त्याचं मडकं कच्चं भाजून द्यायची म्हणे. तीही उतरली. मग नांगर धरणारी गोदा. मग भिवराची नणंद, जी घरात एकटीच भिवराच्या बाजूनं भांडली होती. एकेक नाव घेतलं गेलं, एकेक बाई उतरत गेली. तळ भरला. दगड धरून ठेवलेल्या गड्यांनी दोर खुंटाला बांधले आणि बाजूला झाले. त्यांच्याही बायका खाली होत्या.

शेवटचं नाव तिनं उजळाबाईचं घेतलं. ही उजळाबाई कुणी खरी बाई नव्हे. भिवराची आई जात्यावर एक गोष्ट सांगायची, त्या गोष्टीतली. रुसून गेलेल्या नदीला हाताला धरून तिनं माघारी आणली होती, एवढीच तिची गोष्ट.

काठावरचे हसले. भगत म्हणाला, "बोलाव की! बघू कुठनं येते."

खाली कुणी हसलं नाही. बायका अंग चोरून सरकल्या आणि मध्ये एका माणसापुरती जागा सोडली. आणि म्हणे, त्या मोकळ्या जागेतला खडक आधी ओलसर झाला, मग तिथून पाणी वर आलं. भिवराच्या घोट्याला लागलं, पोटरीला लागलं. बायका एकमेकींचे हात धरून पायरी पायरी वर आल्या. भिवरा सगळ्यांत शेवटी आली. तळाची पायरी नंतर बसवली, तिच्याखाली कुणी नाही.

"म्हणजे सून पुरलीच नाही?" शेवंताबाईंनी विचारलं.

"पुरणार होते. तेवढं खरं आहे."

आजही टेंभळवाडीत हळदीआधी पोर बारवेत उतरते. नवऱ्याचं नाव मांडवात घ्यायचं असतं, इथं घ्यायचं ते बाईचं. खरी असो, गोष्टीतली असो, जिच्यासारखं व्हावंसं वाटतं तिचं. कुणी आजीचं घेते, कुणी शाळेतल्या बाईंचं. परवा एकीनं मालिकेतल्या वकिलीणबाईचं घेतलं, तेही चाललं. तळाची पायरी मात्र उजळाबाईची, ती तशीच मोकळी ठेवायची.

संध्याकाळी ऋतुजा उतरली. तिनं आपल्या आत्याचं नाव घेतलं आणि वर आली. शेवंताबाई काठावर पदर सावरत उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "बाहेरगावच्या बाईला चालतं का हो?"

"का नाही?"

त्या उतरल्या, गुडघे धरत धरत. तळाच्या आधीच्या पायरीवर थांबल्या. मग एक नाव घेतलं. "निर्मला ताटे." आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. वर आल्यावर मी विचारलंच.

"आमच्या गावच्या एसटीला कंडक्टर होती," त्या म्हणाल्या. "तिला बघून मला फार वाटायचं." मग ऋतुजाकडं वळल्या. "चल गं, हळद वाळतीय."