किती वाढू विचारण्याच्या वशाची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं चुलीला चूल लागून होती. त्या नगरात येसबा नावाचा एक म्हातारा कासार राहत असे. बायको देवाघरी गेलेली. दोन मुलगे, दोन सुना. थोरली सगुणा, धाकटी मथुरा. दोघींच्या चुली वेगळ्या, पण सासऱ्यावर माया दोघींची. एक पंधरवडा तो थोरलीकडं जेवी, एक पंधरवडा धाकटीकडं.

थोरलीची माया कशी? भरल्या ताटाची. ती म्हणे, "मामंजी, ही एक पोळी माझ्यासाठी." मग म्हणे, "ही नातवासाठी." मग म्हणे, "ही एवढीच, नाही म्हणालात तर मी रडेन." म्हातारा खाई. पोट तट्ट फुगे, छातीत जळजळे, पायांना सूज येई.

धाकटीची माया कशी? धसक्याची. सूज पाहून ती घाबरे. मग भाकरी बंद करी, मग तूप बंद करी, मग मीठ बंद करी. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेजेवरचं पाणी. म्हातारा पिई. गालफडं बसत, पाय लटपटत, घेरी येई.

थोरली म्हणे, "मथुरे, मी माणूस धाडला होता, तू काठी परत केलीस!"

धाकटी म्हणे, "जाऊबाई, तुम्ही तर घागर धाडली होती!"

म्हातारा दोघींकडं पाही आणि गप्प बसे. बोललो तर पोरींना वाईट वाटेल, म्हणे. वैद्य येऊन सांगून गेला, "असंच चाललं तर म्हातारा दिवाळी पाहत नाही." सुना रडल्या. थोरलीनं आणखी तूप कढवलं, धाकटीनं पेज आणखी पातळ केली.

श्रावण जवळ आला. कासार बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून निघाला. वेशीशी गेला, डोळ्यांपुढं अंधारी आली, पारावर कोसळला. डोळे उघडतो तो समोर एक म्हातारी सवाष्ण. कपाळभर कुंकू, हातात पळी.

"कासारदादा, मला चुडा भर."

"भरतो आई. हात दाखव, माप बघू दे."

"माप कशाला? भर कुठलाही."

"असं कसं? घट्ट भरला तर हात कापेल, सैल भरला तर ओघळून फुटेल. विचारल्यावाचून मी कुणाला बांगडी भरत नाही."

म्हातारी हसली. "मनगटाला विचारतोस रे, पोटाला कोण विचारतं? तुझ्या थोरलीच्या दारी गेले. तिनं न विचारता पोळ्यांची चळत वाढली. धाकटीच्या दारी गेले. तिनं न विचारता पेज ओतली. पोरी प्रेमळ. पण मला हवी होती एक भाकरी. आणि तू? तू तरी तोंड उघडलंस का?"

कासारानं ओळखलं, ही अन्नपूर्णा. पाय धरले. "माये, मला वसा सांग."

"आग्रहात शिरशील, धसक्यात बुडशील, घेतला वसा टाकशील."

"शिरणार नाही, बुडणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. पळी उचलावी, ताटावर थांबवावी. किती वाढू विचारावं. खाणाऱ्यानं खरं सांगावं. सांगितलं तेवढंच वाढावं. मग वाढणारीला बसवावं, तिलाही विचारावं."

"हे कधी करावं, माये?"

"रोज करावं."

"उद्यापन कधी करावं?"

"करूच नये." एवढं बोलून ती दिसेनाशी झाली.

मग कासार घरी आला. दोन्ही सुनांना ओसरीवर बोलावलं. म्हणाला, "हात पुढं करा गं." पाहतो तो काय? थोरलीच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. धाकटीच्या कोपरापर्यंत घसरलेल्या. उभा जन्म त्यानं नगराचे हात पाहिले, घरचे दोन हात पाहिले नव्हते.

"सगुणे, हे काय?"

"तुमच्या ताटात उरतं, मामंजी. टाकवत नाही, माझ्याच पोटात घालते. पायरी चढले तरी धाप लागते."

"मथुरे, तुझं काय?"

"तुम्ही पेज पिता, मामंजी. माझ्या घशाखाली भाकरी कशी उतरेल? विहिरीवर दोनदा चक्कर येऊन बसले."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आज एकाच चुलीवर रांधा."

मग रांधलं, ताट मांडलं. थोरलीनं पळी उचलली, थांबली. हात शिवशिवला. कसंबसं म्हणाली, "मामंजी, किती वाढू?"

"दीड भाकरी, वाटीभर आमटी."

"तूप?"

"चमचाभर."

"चमचाभरच?" धाकटीनं तिला कोपर मारलं. हसल्या दोघी.

म्हातारा जेवला. सुखाची ढेकर आली. मग त्यानं स्वतः पळी घेतली. "सगुणे, बैस. किती वाढू?"

थोरलीनं धाकटीकडं पाहिलं, धाकटीनं थोरलीकडं. आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

थोरली हळूच म्हणाली, "मला ठाऊकच नाही, मामंजी."

"मग अर्धी घे. लागली तर मागशील, आम्ही इथंच आहोत."

धाकटीलाही बसवलं, विचारलं, अर्धी वाढली. तिनं ती खाल्ली, मागून घेतली. पुन्हा मागून घेतली. थोरली अर्धीवर तृप्त झाली, ताट लख्ख झालं.

असा वसा चालला. म्हाताऱ्याची सूज उतरली, घेरी गेली. थोरलीची धाप गेली. धाकटी भरली घागर कमरेवर घेऊन हसत येऊ लागली. दिवाळीला कासारानं दोघींना नव्या बांगड्या भरल्या, माप विचारून.

जशी अन्नपूर्णा त्यांना पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. बायांनो, आज घरी गेल्यावर तुम्हांलाही कुणी विचारो, आणि तुम्ही खरं सांगा. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा घासी सुफळ संपूर्ण.